पद्मिनीचं इग्निशन किट: तुमच्या आक्षेपाला उत्तर

नमस्कार मिस्त्री,

तुमची प्रतिक्रिया दिवाळीच्या आधी आली. उत्तराला आठ महिने लागले, कारण तुमच्या एका प्रश्नाचं उत्तर बसल्या जागी देण्यासारखं नव्हतं. ते गाडी चालवूनच शोधावं लागलं.

बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. माझ्या 1988 सालच्या प्रीमियर पद्मिनीचे पॉइंट (कॉइलचा करंट तोडून प्लगवर ठिणगी पाडणारा यांत्रिक स्विच) काढून मी तेच काम करणारं इलेक्ट्रॉनिक इग्निशन किट बसवलं आणि ‘पिकअप वाढला, मायलेज वाढलं’ असं लिहिलं. मिस्त्रींनी मुंबईत पंचवीस वर्षं टॅक्सीचं गॅरेज सांभाळलंय. त्यांचं म्हणणं असं की ठिणगी पडली की पडली, ती जाड असल्यानं इंजिनाची ताकद वाढत नाही. पॉइंट घाटात दगा देतो तेव्हा पॉलिश पेपरनं घासून घरी येता येतं, किट उडालं तर टोचन लावावं लागतं. आणि त्याच दिवशी बाकीचंही काम केलं असेल, तर फरक किटमुळेच पडला हे कशावरून?

हा शेवटचा प्रश्न मला झोंबला, कारण माझ्याकडे त्याचं उत्तर नव्हतं.

म्हणून नोव्हेंबरात किट काढलं. नवे पॉइंट, ते जळू नयेत म्हणून असतो तो काँडेन्सरही नवा, पॉइंट उघडल्यावरची गॅप 0.45 मिलिमीटर, आणि टायमिंग लाइट लावून ठिणगीच्या वेळेची खूण जुळवली. प्लग, वायर, कॉइल तेच ठेवले. कराडहून कुंभार्ली घाटानं चिपळूणला दोनदा जाऊन आलो. येताना पोफळीच्या वरची जी चढण आहे, तिथे किटवर गाडी ज्या वळणाला दुसऱ्या गिअरला यायची, त्याच वळणाला पॉइंटवरही आली. मला काहीही फरक जाणवला नाही.

मग आधी जाणवलेला पिकअप आला कुठून? किट बसवायच्या दिवशी डिस्ट्रिब्युटरमधली (चारही सिलिंडरना ठिणगी वाटणारा भाग) पॉइंटची प्लेट काढली, तेव्हा खाली अॅडव्हान्सची वजनं दिसली होती. त्यातलं एक गंजून पिनवर धरलेलं होतं. वेग वाढला की ही वजनं बाहेर फेकली जातात आणि ठिणगी आधी पडते. मिश्रण पेटून दाब तयार व्हायला लागणारा वेळ फारसा कमी होत नाही, पिस्टन मात्र भराभर वर येतो, म्हणून ठिणगीला लवकर निघावं लागतं. वजन धरलं की वरच्या वेगाला गाडी मरगळते. डिस्ट्रिब्युटरची कॅप काढून आतला फिरणारा रोटर बोटांनी फिरवून सोडला, तर तो स्प्रिंगनं टचकन जागेवर यायला हवा. माझा अर्ध्यातच थांबत होता. गॅरेजमधल्या पोरानं ते वजन रॉकेलनं धुतलं, पिन ब्रशनं घासली, तेलाचे दोन थेंब सोडले आणि रोटर टचकन परत यायला लागला. पाच मिनिटांचं काम. मी लेखात त्याचा उल्लेखही केला नाही आणि सगळं श्रेय किटला दिलं. मूळ लेखाचं शीर्षक आता बदललंय आणि मायलेजचा आकडा काढून टाकलाय. ही चूक तुमच्यामुळे सापडली, त्याबद्दल मनापासून आभार.

ठिणगीबद्दलही तुम्ही बऱ्याच अंशी बरोबर आहात. डब्यावर 40,000 व्होल्ट छापलेली कॉइल लावली म्हणून प्लगवर तेवढे येत नाहीत. फटीला दहा-बारा हजार पुरत असतील, तर व्होल्टेज तिथपर्यंत चढतं आणि ठिणगी उडते. मिश्रण नीट पेटत असेल तर जाड ठिणगीनं ताकद वाढत नाही, हे मान्य. पण ‘पडली की पडली’ एवढं मात्र मला पटत नाही. इंजिन मिनिटाला 4,000 फेरे मारत असताना चार सिलिंडरना मिळून 8,000 ठिणग्या लागतात, म्हणजे एकीच्या वाट्याला साडेसात मिलिसेकंद. त्यातला साधारण साठ टक्के वेळच पॉइंट मिटलेले असतात आणि तेवढ्यात कॉइल भरायची असते. पॉइंटवर खड्डा पडला असेल तर करंट आणखी कमी. गार सकाळी स्टार्टर बॅटरीला खाली ओढतो, तेव्हाही तेच. अशा वेळी ठिणगी खरोखर कमजोर पडते आणि गाडी मिसिंग करते.

आणि माझं खरं म्हणणं आता वेगळंच झालंय. मे अखेर पॉइंटवर 4,300 किलोमीटर झाले, तेव्हा फिलर गेज (फट मोजायची पट्टी) घालून पाहिलं. गॅप 0.35 वर आली होती, पॉइंट उघडणारी फायबरची टाच घासल्यामुळे. गॅप कमी झाली की पॉइंट उशिरा उघडतो. लाइटखाली खूण सुमारे 4 अंश मागे दिसली. गाडी रोज रोज किंचित मंदावत होती आणि रोज चालवणाऱ्या मला ते कळलंच नाही. किटवर याहून जास्त अंतर झालं होतं, तरी खूण जागची हललेली नव्हती. किट नवी ताकद देत नाही, पण सेटिंग जागेवर ठेवतं. तुमच्या हाताखालच्या टॅक्सींना त्याची गरज नसेलही, कारण पॉइंटवर तुमची सतत नजर असायची. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून गेली. आज ज्यांच्याकडे ही गाडी आहे, त्यातल्या अनेकांना पॉइंट सेट करणारा माणूसच मिळत नाही. त्यांच्यासाठी मी अजूनही किटच सुचवीन.

एक गोष्ट मूळ लेखात लिहायची राहिली, ती जास्त महत्त्वाची आहे. नुसती ‘पॉवर’ कॉइल आणून पॉइंटवर लावू नका. 3 ओहमच्या कॉइलमधून जास्तीत जास्त 4 अँपिअर जातात. दीड ओहमची लावली आणि मध्ये रेझिस्टर नसेल, तर 8. पॉइंट थोड्याच दिवसांत जळतील. किटवरही कॉइल त्यांनी सांगितलेल्या ओहमचीच हवी. आणि इंजिन बंद ठेवून चावी चालू ठेवायची सवय सोडा, काही किट त्यानंच जातात.

टोचनचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. जूनमध्ये किट परत बसवलं, पण सेट केलेल्या पॉइंटची प्लेट आणि काँडेन्सर आता कायम डिकीत असतात. डिस्ट्रिब्युटरच्या बॉडीवर आणि खाली ब्लॉकवर एक रेघ ओढून ठेवलीय, म्हणजे टायमिंग शोधत बसायला नको. घरासमोर घड्याळ लावून अदलाबदल करून पाहिली, पंचवीस मिनिटं लागली.

आता तुम्हाला एक विचारायचंय. सीएनजीला पेटायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं. तुमच्याकडच्या गॅसवरच्या पद्मिनी पॉइंटवरच चालत असतील, तर प्लगची गॅप किती ठेवायचात? आणि पावसाळ्यात कॅपमधून करंट फुटू नये म्हणून काय करायचात? सवडीनं लिहा, मी वाट बघतोय.