सीए झालात? अभिनंदन. आता एखादा मामा शोधा

रिझल्ट लागला, दोन्ही ग्रुप निघाले, आईने पेढे वाटले, सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो पडला. आता फक्त नोकरी लागायची बाकी, आणि ती काय, सीएला लोक रांग लावून घेतात असं फाउंडेशनच्या, म्हणजे सीएच्या पहिल्या परीक्षेच्या, क्लासवाल्या सरांनी सांगितलंच होतं. त्यांच्यावर विश्वास ठेवा, फी घेतलीय त्यांनी.

पहिलं काम म्हणजे अपेक्षा ठरवणं. कॅम्पसचं सगळ्यात मोठं पॅकेज तेवढं लक्षात ठेवा, पेपरात तेच छापून येतं, सरासरीच्या नादी लागू नका, उगाच मन खट्टू होतं. एचआर मॅडम विचारतील, सध्या किती मिळतंय? खरं सांगा. तुम्ही आर्टिकलशिपला, म्हणजे एखाद्या सीएच्या ऑफिसात सक्तीच्या ट्रेनिंगला, लागलात तेव्हा मुंबई-पुण्यातसुद्धा पहिल्या वर्षाचा किमान स्टायपेंड होता महिना 4,000, आणि बऱ्याच सरांनी त्यातलं 'किमान' अगदी मनापासून पाळलं. आता त्यावर मॅडम कितीही टक्के हाईक देऊ शकतात, कंपनीचं काय जातंय.

मग ऑफर लेटर येतं. समजा 9 लाख. घरी लगेच 75,000 महिना असा हिशोब होतो, होऊ द्या, त्यांच्या आनंदावर पाणी टाकू नका. तुम्ही मात्र दार लावून ॲनेक्शर, म्हणजे पगाराची फोड दाखवणारं मागचं पान, उघडा. बेसिक साडेचार लाख, त्यावर कंपनीचा पीएफ 12 टक्के म्हणजे 54,000, तो तुमच्याच सीटीसीतून, म्हणजे त्या 9 लाखांतूनच. ग्रॅच्युइटी 4.81 टक्के, तीही तुमच्याच सीटीसीतून, हातात कधी येणार तर पाच वर्षं टिकलात की. व्हेरिएबल, म्हणजे कामगिरीवर मिळणारा भाग, 90,000, कंपनीचा आणि बॉसचा मूड जुळला तर. वर तुमचा स्वतःचा पीएफ आणि सरकारचा प्रोफेशनल टॅक्स, दरमहा 200 आणि फेब्रुवारीत 300. खाली उरतात साधारण 56,000. बाकीचे 19,000 कुठे गेले हे विचारायचं नाही हं! क्लायंटच्या बॅलन्सशीटमध्ये एवढा फरक दिसला असता तर तुम्ही मटेरिअल, म्हणजे दुर्लक्ष करण्याजोगा नाही, म्हणून बोंब मारली असती, इथे मात्र 'थँक यू फॉर द अपॉर्च्युनिटी' असा मेल टाकायचा.

खरी मजा पुढे आहे. फॉर्मवर लिहिलेलं असतं, दोन रेफरन्स द्या, नातेवाईक चालणार नाहीत. आता ऑफिसातलं जग तुम्हाला किती माहिती, तर एक प्रिन्सिपल, म्हणजे ज्यांच्या हाताखाली आर्टिकलशिप केलीत ते सीए. आर्टिकलशिप संपल्याच्या फॉर्म 108 वर सही मागायला गेलात तेव्हा ज्यांना अचानक तुमच्या जादा झालेल्या रजा आठवल्या, तेच ते. त्यांचं नाव बिनधास्त द्या. ते फोनवर सांगतील, "पोरगा कष्टाळू आहे, कधी तक्रार नाही," म्हणजे टॅक्स ऑडिटच्या सीझनला रात्री अकरापर्यंत बसायचा आणि वडापावचे पैसेही मागायचा नाही. किंवा सांगतीलच कशाला, तुम्हालाच म्हणतील, इथेच राहा की, घरचंच ऑफिस, शिकायला मिळेल. पगाराचा विषय काढलात तर चहा मागवतील.

तुम्ही एसए 505 हे ऑडिटचं स्टँडर्ड पाठ केलंय, बाहेरच्या माणसाकडून आलेलं कन्फर्मेशन जास्त भरवशाचं वगैरे. ते पेपरापुरतं. नोकरीच्या बाजारात चालतं ते एसए 550, रिलेटेड पार्टी, म्हणजे आपल्याच माणसांशी व्यवहार. तुमच्यासोबत लायब्ररीत बसणारा तो मुलगा, तिसऱ्या अटेम्प्टला निघालेला, तो आज बीकेसीत कसा? त्याच्या मामांनी शब्द टाकला. मामा कोण, तर त्या कंपनीच्या सीएफओचे जुने पार्टनर. फॉर्मवर अर्थातच नातेवाईक म्हणून नाही, 'फॅमिली फ्रेंड' म्हणून आले. याला वशिला म्हणायचं नाही, नेटवर्किंग म्हणायचं.

मामा नसेल तर काका, आत्याचे मिस्टर, बँकेतून रिटायर झालेले शेजारी, कोणीही चालेल, पण 'सीव्ही पाठव रे, बघतो' म्हणणाऱ्यांपासून सावध राहा. त्यांनी आजवर एकही पीडीएफ उघडलेली नाही. दिवाळीला भेटले की विचारतील, मग काय, लागलं का कुठे?

लागलं एकदाचं की तुम्हीही मित्राला रेफर करा, एम्प्लॉयी रेफरल बोनस मिळतो, मित्र प्रोबेशन संपेपर्यंत टिकला तर. फक्त त्याचं ऑफर लेटर बघायला मागू नका. बाहेरून नवीन येणाऱ्याला बजेट असतं, तुम्हाला अप्रेझल असतं.