दुसऱ्यांदा मत मागणाऱ्या तरुण आमदाराचं काय तपासायचं?

आमदार तरुण आहे, शिकलेला आहे, फोन उचलतो, लग्नाला येतो, दारावरही येतो. खान्देशात पहिली निवडणूक एवढ्यावर निघून जाते. ‘आपला पोऱ्या शे’ (आपलाच पोरगा आहे) म्हटलं की विषय संपला. दुसऱ्या वेळी मात्र पाच वर्षांचे कागद मागे असतात आणि मत त्यांच्यावर ठरावं, असं माझं स्पष्ट म्हणणं आहे.

पार्श्वभूमी पोस्टरवर शोधू नका. उमेदवारी अर्जासोबत नमुना 26 मधलं शपथपत्र असतं. गेल्या वेळचं आणि आताचं, दोन्ही शेजारी ठेवा. पाच वर्षांचं प्राप्तिकर विवरणपत्रातलं उत्पन्न, देणी, सरकारशी केलेली कंत्राटं, सगळं त्यात असतं. स्वतः घेतलेल्या जमिनीपुढे खरेदीची तारीख आणि किंमतही लिहावी लागते. ती तारीख आणि बायपासच्या घोषणेची तारीख एकदा जुळवून बघा, करमणूक होईल. गुन्हे दिसले तर आधी कलम वाचा. कापसाच्या भावासाठी केलेला रास्ता रोको वेगळा आणि फसवणूक वेगळी.

आता बॅनरवरचे ते ‘शेकडो कोटी’. आमदार निधी वर्षाला 5 कोटी, म्हणजे पाच वर्षांत 25 कोटी. दीडशे गावांचा मतदारसंघ धरला तर गावामागे जेमतेम 16-17 लाख. त्यातून सभामंडप, पेव्हर ब्लॉक, हायमास्ट. तेही आमदार फक्त सुचवतो, मंजुरी जिल्हाधिकारी कार्यालयातून येते. बॅनरवरच्या उरलेल्या आकड्यात पंचवीस-पंधराची (ग्रामविकास खात्याच्या 2515 या लेखाशीर्षाखालची) कामं, बांधकाम खात्याचे रस्ते आणि जलजीवन मिशन असतं. त्या मिशनचे निम्मे पैसे केंद्राचे. पाठपुराव्याचं श्रेय त्याला जरूर द्या, पण पैसे त्याने आणले की योजनेसोबत आपोआप आले, हे विचारा.

खरा कस सभागृहात लागतो. तारांकित प्रश्नांची, म्हणजे मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायच्या प्रश्नांची, यादी उघडली की एकाच प्रश्नाखाली वीस-वीस सदस्यांची नावं दिसतात, त्यामुळे नुसती संख्या मोजून काही कळत नाही. उत्तर वाचा. ‘हे खरे नाही’, ‘अंशतः खरे आहे’ आणि शेवटच्या ठरलेल्या ‘विलंबाची कारणे काय आहेत?’ या प्रश्नाला ‘प्रश्न उद्भवत नाही’, असा तो साचा असतो. असं उत्तर आल्यावर त्याने उपप्रश्न विचारला का? लक्षवेधी सूचना लावली का? मंत्र्याने सभागृहात शब्द दिला असेल तर तो आश्वासन समितीपर्यंत नेला का? (तो मंत्री झाला असेल तर हे मोजमाप लागू नाही, मंत्री प्रश्न विचारत नाहीत, उत्तरं देतात.)

पुढच्या पाच वर्षांचे प्राधान्यक्रम विचारताना ‘सिंचनाला प्राधान्य’ एवढ्यावर सोडू नका. तापीवरचं पाडळसरे धरण असो की गिरणेवरचे सात बलून (रबरी फुग्याचे) बंधारे, प्रत्येक कामाची पायरी विचारा. प्रशासकीय मान्यता झाली, पण काम रेंगाळलं की दरसूची बदलते, भूसंपादन महागतं आणि जुन्या आकड्यात काम बसत नाही. मग सुप्रमा, म्हणजे सुधारित प्रशासकीय मान्यता. ती मिळेस्तोवर दर पुन्हा वाढलेले असतात. ‘पाणी आणणार’ म्हणणाऱ्याला एकच विचारा: फाईल आज कोणत्या टेबलावर आहे आणि यंदाच्या अर्थसंकल्पात तरतूद किती?

रावेर, चोपडा, मुक्ताईनगर भागात केळीचा विमा हा दुसरा मुद्दा. फळपीक विमा हवामानावर चालतो. थंडी-उष्णतेची भरपाई बागेत किती नुकसान झालं यावर ठरत नाही. थंडीत सलग तीन दिवस किमान तापमान 8 अंश किंवा त्याखाली गेलं तर भरपाई, आणि हे तापमान मोजतं महसूल मंडळातलं (तालुक्यातल्या काही गावांच्या गटाचं) हवामान केंद्र. नदीकाठच्या बागेत पारा 7 वर आणि केंद्र गावात इमारतींच्या आडोशाला असेल, तर नोंद साडेआठची होते आणि शेतकऱ्याला काहीच मिळत नाही. आपल्या मतदारसंघात किती मंडळं आहेत, कोणतं केंद्र बंद आहे, कोणतं चुकीच्या जागी आहे, ही यादी आमदाराच्या खिशात असायला हवी. पुढच्या सभेत मागून बघा.