१ स्टार आणि ‘रोगट’ जावा फर्न: दुकानाकडून उत्तर

नमस्कार भाऊ. आमच्या दुकानाला १ स्टार देऊन तुम्ही लिहिलेला रिव्ह्यू वाचला. तुमच्या माशांच्या टँकमधलं जावा फर्नचं झाड गेलं, याचं वाईट वाटलं. माफ करा. दुकानात बोलताना आमच्यापैकी कुणाचा सूर चढला असेल तर त्याचीही माफी मागते.

स्टार किती द्यायचे हा तुमचा प्रश्न. किंमत जास्त वाटली, तेही समजू शकते. २५० रुपयांत झाडासोबत ते ज्याला बांधलं होतं ते लाकूडही होतं, आणि तुम्ही घासाघीस करून २२० दिले, तेवढं लिहायचं राहून गेलं असेल. पण ‘पानांवर काळे ठिपके असलेलं रोगट झाड जाणूनबुजून माथी मारलं, दुकानातल्या बाईलाच काही माहीत नाही’ हे जे लिहिलं, ते काही पचत नाही. आज सकाळीच एकानं फोनवर विचारलं, ‘ताई, तुमच्याकडची झाडं रोगट असतात का?’ उन्हाळ्यात आमच्या धंद्याला तसंही कुणी विचारत नाही. त्यात हे.

म्हणून त्या ठिपक्यांबद्दल सांगते, जरा लांबेल.

जावा फर्न म्हणजे नेचा. नेच्याला फूल नाही, बी नाही. त्याचा वंश चालतो बीजाणूंवर, आणि ते बीजाणू पानाच्या मागच्या बाजूला पुंजक्यांनी धरतात. तेच ते तपकिरी-काळे ठिपके. बाहेर कुंडीतल्या नेच्याचं पान उलटं करून बघा, तिथंही दिसतील. रोग असता तर पान लिबलिबीत झालं असतं, आरपार दिसायला लागलं असतं, हात लावताच तुटलं असतं. तुम्ही नेलेल्या झाडाची पानं कडक होती. तुम्ही स्वतः बोटानं दाबून पाहिलीत आणि ‘प्लास्टिकसारखं लागून राहिलं’ म्हणून हसलात, मला चांगलं आठवतं.

आणि फोटोत लाल गोल करून जे दाखवलं ना, ‘इथून सडायला सुरुवात झाली’ म्हणून, तो फोटो मोठा करून बघा. पानाच्या टोकाला दोन इवलीशी पानं आणि केसासारखी मुळं आहेत. ते पिल्लू आहे, भाऊ. जावा फर्नच्या जुन्या पानांवर अशी बाळरोपं फुटतात, बोटाएवढी झाली की अलगद काढून दुसऱ्या लाकडाला बांधायची. लोक आमच्याकडे मुद्दाम पिल्लं आलेलं पान मागतात. तुम्हाला ते असंच मिळालं होतं आणि तुम्ही त्याला रोग म्हणून इथं टांगलं.

मग झाड गेलं कशानं? तेही त्याच फोटोत आहे. लाकूड मागे कोपऱ्यात आडवं पडलंय आणि झाड समोर रेतीत रोवलंय. दोरा कापून सोडवलंत ना? या झाडाचं खोड आल्यासारखं आडवं असतं, आणि ते उघडं राहायला हवं. जंगलात ते ओढ्याकाठच्या दगडांना, ओंडक्यांना चिकटून वाढतं, अन्न बरंचसं पानांतूनच पाण्यातून घेतं. खोड रेतीत गाडलं की ते कुजतं, आणि त्यानंतर पानं काळी पडतात. आम्ही सुती दोऱ्यानं बांधून देतो ते शोभेसाठी नाही. दोरा काही महिन्यांत कुजून जातो, तोवर मुळं लाकूड धरतात. दोरा आवडत नसेल तर फेविक्विकचा एक थेंब लावूनही चिकटवता येतं.

हे मी तुम्हाला सांगितलं होतं. नुसतं सांगितलं नाही, बिलामागे निळ्या पेनानं लिहून दिलं: ‘रेतीत गाडू नका’. त्याखाली रेघ पण मारली.

दुसरं म्हणजे, तुम्ही झाड नेलं ते ऐन नवतपात, म्हणजे उन्हाळ्यातल्या सगळ्यात कडक नऊ दिवसांत. या झाडाला २० ते २८ डिग्रीचं पाणी मानवतं, आणि नागपुरात तेव्हा टाकीत हात घातला तर कोमट लागतं. तुमचा टँक खिडकीत आहे, फोटोत काचेवर ऊन पडलंय. जावा फर्नला कमी उजेड पुरतो. मुळातच सावकाश वाढणारं झाड, त्यावर थेट ऊन पडलं की पानांवर शेवाळ बसतं. टाकी कूलरच्या खोलीत, खिडकीपासून लांब ठेवा, आणि दुपारी पाण्यावर छोटा पंखा लावा, दोन-तीन डिग्रीचा फरक पडतो. पाणी तेवढं उडतं, ते रोज भरावं लागतं.

एक चूक आमची. तुम्ही फोन केला तेव्हा भाच्यानं उचलला आणि ‘काही करावं लागत नाही, आपोआप वाढतं’ असं म्हणाला. हे त्यानं कबूल केलंय. तसं म्हणायला नको होतं, त्याला समज दिली आहे. झाडासोबत छापील चिठ्ठी द्यायचंही डोक्यात आहे, बघू, पावसाळ्यापर्यंत करू.

बाकी अठरा वर्षं हे दुकान चालवते आहे. विकायला काढण्याआधी प्रत्येक झाड दोन आठवडे माझ्या स्वतःच्या टाकीत असतं. बाईला काय माहीत आहे आणि काय नाही, ते एकदा समोर बसून विचारा.

झाड अजून फेकलं नसेल तर खोड दाबून बघा. अंगठ्याच्या पेराएवढा तुकडा जरी हिरवा आणि टणक असला तरी तो जगतो. ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून आणा, कुजलेलं छाटून पुन्हा बांधून देईन, पैसे नाही घेणार. ते पिल्लाचं पान तर नक्कीच आणा. दुकान सोमवारी बंद असतं, बाकी दिवस सकाळी ११ ते रात्री ९. येताना जमलं तर बिलही घेऊन या, मागची बाजू आपण दोघं मिळून वाचू.