स्टेशनवरच्या एकट्या मुलाबद्दल फिरणारा तो मेसेज चुकीचा आहे

'स्टेशनवर एकटं राहणारं १६-१७ वर्षांचं पोर दिसलं तर लांब राहा. पोलिसांत दिलं की त्याच्यावर केस होते, रिमांड होममध्ये टाकतात. १०९८ तर बंदच झालाय.' असा मेसेज सध्या फिरतो आहे (१०९८ म्हणजे मुलांसाठीची मदतवाहिनी). यातलं एकही विधान खरं नाही.

बालन्याय कायदा २०१५ नुसार १८ वर्षांखालची प्रत्येक व्यक्ती बालक आहे. घर नसणं किंवा घर सोडणं हा गुन्हा नाही. गुन्ह्याचा आरोप असलेली मुलं बाल न्याय मंडळापुढे जातात. बेघर मुलं 'काळजी आणि संरक्षणाची गरज असलेली' म्हणून बाल कल्याण समितीपुढे, तीही प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत. दोन्ही वाटा वेगळ्या आहेत आणि ही गल्लत मुलांनाच महागात पडते, कारण पकडतील या भीतीने ती मदतीपासूनही पळतात.

समिती मुलाला डोळे झाकून घरी पाठवत नाही. आधी घरची चौकशी होते. मारहाण, दारू, बळजबरीचं लग्न अशा कारणांनी बाहेर पडलेल्या मुलीला त्याच घरात ढकलणं म्हणजे मदत नव्हे. तिचं म्हणणं ऐकलं गेलंच पाहिजे. १८ पूर्ण झाल्यावर बालगृहासारख्या संस्थेतून बाहेर पडणाऱ्यांसाठी साधारण २१ वर्षांपर्यंत अनुरक्षणाची, म्हणजे पुढच्या आधाराची, तरतूद आहे.

१०९८ चालू आहे; २०२३ मध्ये तो सरकारी यंत्रणेकडे गेला, इतकंच. आणि लांब राहण्याचा सल्ला तर कायद्याच्या विरोधात आहे: पालकांपासून दुरावलेलं, निराधार मूल आढळल्यास २४ तासांत कळवणं कलम ३२ नुसार बंधनकारक आहे.