आजीचे गुडघे कुणाच्या हिशेबात?

मामेबहिणीची बाळंतपणाची रजा संपत आली तशी बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या घरात सभा भरली. आम्ही परदेशातली मंडळी व्हिडिओ कॉलवर. बाळाला घोडियाघरात, म्हणजे पाळणाघरात ठेवायचं, मामीनं सांभाळायचं, की बहिणीनं नोकरी सोडायची? मामांचं म्हणणं, आमच्या वेळी कुठे होत्या रजा, चार-चार मुलं वाढलीच की. एका मावशीला घोडियाघर म्हणजे अनाथाश्रमच वाटतो. वाघोडियाच्या कारखान्यातून जोडले गेलेले जावईबापू शेवटपर्यंत म्यूटवर. आणि जिच्या अंगावर हे पडणार ती मामी चहा टाकायला आत गेलेली.

बडोद्यात हा वाद घरोघरी चालतो आणि दर वेळी आई विरुद्ध आजी असा होऊन बसतो. मी स्टुटगार्टला दोन मुलं वाढवते आहे. इथून ऐकताना वाटतं, मूल वाढवायला पैसा कुणी द्यायचा आणि राबायचं कुणी, हे दोन प्रश्न आपण मोकळेपणानं विचारतच नाही.

आधी पैसा. आपल्याकडे प्रसूती लाभ कायद्याच्या २०१७च्या दुरुस्तीनं पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळाली. जर्मनीत पूर्ण पगाराची रजा प्रसूतीआधी सहा आणि नंतर आठ आठवडे, एवढीच. हे ऐकून मामा खूश झाले. पण महिना २१ हजारांहून जास्त पगार असलेली बाई रजेचे पैसे देणाऱ्या कर्मचारी राज्य विमा योजनेत सहसा बसत नाही आणि तिच्या रजेचा सगळा भार तिच्या मालकावर पडतो. मग तो मुलाखतीतच लग्नाचं विचारतो. बहिणीच्या साहेबांनी तर तोंडावर सांगितलं, पुढच्या वेळी मुलगाच घेऊ. जर्मन मालक काही संत नाहीत. पण इथे सगळ्या मालकांकडून पगाराच्या प्रमाणात वर्गणी घेतात आणि रजेवरच्या बाईला दिलेले पैसे मालकाला त्या निधीतून परत मिळतात. ज्याच्याकडे एकही बाई कामाला नाही, तोही २००६पासून ही वर्गणी भरतो. बाईला नोकरी नाकारून त्याचा एक पैसा वाचत नाही. पुढे घरी राहणाऱ्या आईला किंवा बापाला सरकार मिळकतीच्या साधारण ६५ टक्के देतं, महिन्याला जास्तीत जास्त १,८०० युरो. दोघांनी वाटून घेतलं तर हे १४ महिने चालतं. माझ्या नवऱ्यानं त्यातले थोडे महिने घेतले, तर बडोद्यात त्याचं इतकं कौतुक झालं की उरलेले महिने घरी कोण होतं याची कुणाला आठवणच राहिली नाही!

राबणारे हात मात्र इथे नाहीत. बाळंतपणानंतर सुईण विम्याच्या खर्चानं घरी येते, पहिले दहा दिवस अगदी रोजसुद्धा. बाळाचं वजन करते, टाके बघते, आणि झोप झाली का हे आधी आईला विचारते. मग ती जाते, आणि उरता तुम्ही, रडणारं बाळ आणि डिसेंबरात साडेचारलाच पडणारा अंधार. माझी आई व्हिसाच्या ९० दिवसांपुरती आली. डिंकाचे लाडू झाले, अळिवाची खीर झाली, बाळंतशोपा तर ती बॅगेतूनच घेऊन आली होती. ओव्याची धुरी द्यायला बसली आणि छतावरचा धुराचा अलार्म बोंबलायला लागला. शेवटी हीटरवर दुपटी गरम करून शेक दिला. ती परत गेली तेव्हा घर किती मोठं आहे ते कळलं.

पाळणाघराचं म्हणाल, तर वर्षाच्या प्रत्येक मुलाचा तिथल्या जागेवर १ ऑगस्ट २०१३पासून कायद्यानं हक्क आहे. कागदावर. प्रत्यक्षात शिक्षिका कमी, यादी लांब, आणि 'आज दुपारीच बंद' असा निरोप ऐन मीटिंगमध्ये येतो. पण जागा मिळाली की पहिले काही आठवडे ते आईला किंवा बापाला सोबत बसवून घेतात, मूल रुळलं की मगच हळूहळू वेळ वाढवतात. पावसात रबरी पँट चढवून पोरांना चिखलात सोडतात. आई तिकडून ओरडते, "अगं, न्यूमोनिया होईल त्याला!" धाकटा खिशातून गोगलगाय काढून आपल्या मोडक्या मराठीत सांगतो, "ही झोपला आहे." मी त्याला सुधारत नाही.

मूल ही घरची बाब, सरकारचं त्यात काय काम, असंही मामा म्हणाले. हे बडोद्यात बसून म्हणायचं? सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेलीत सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६मध्ये ती सक्ती सगळ्या संस्थानाला लागू केली. मूल शाळेत धाडलं नाही तर पालकांना दंड होई. पुढे त्यांच्या नावाच्या विद्यापीठात, हंसाबेन मेहता कुलगुरू असताना, गृहविज्ञान शाखा उभी राहिली. तिची चेतन बालवाडी आजही आहे. मुलं कशी वाढतात हे ज्या गावात पदवीला शिकवतात, तिथे घोडियाघराला नाक मुरडणं मला समजत नाही.

नंतर मी मामीला वेगळा फोन केला. "सांभाळीन गं," ती म्हणाली, "पण सकाळचं भजनी मंडळ सुटेल. गुडघ्यांचं तर तुला माहीतच आहे. कुणी विचारलं नाही एवढंच." माझं मत स्पष्ट आहे. आजीला हवं असेल तर तिनं सांभाळावं, पण तास ठरवून, रविवारची सुट्टी धरून, आणि हो, पैसे देऊन. पैशाचं नाव काढताच मावशी दुखावली. घरच्या माणसाला पगार? मी म्हटलं, जिचे कष्ट फुकट, तिचा हिशेब कुणी ठेवत नाही.

५० किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय असलीच पाहिजे आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊ दिलं पाहिजे, असं आपल्या कायद्यात आहे. बहिणीचं युनिट मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीत, माणसं पन्नाशीच्या आत, म्हणजे सक्ती नाही. पण कायद्याला सामाईक सोयही चालते, मग आजूबाजूच्या चार-पाच युनिटांनी मिळून एक पाळणाघर काढायला काय हरकत आहे? तशा पत्राचा मराठी मसुदा मी तिला पाठवला आहे, गुजराती ती करते आहे. वर्गणी बायका किती यावर नाही, एकूण माणसं किती यावर लावायची, हा मुद्दा पहिल्याच परिच्छेदात घातला आहे.