वाघिणीला सोनोग्राफीने काही होत नाही

माझ्या भाचीला सातवा महिना लागलाय आणि हा मेसेज तिच्या सासूबाईंनी तिलाच पाठवला: ‘प्राणीसंग्रहालयात गाभण वाघिणीला दर आठवड्याला डार्ट मारतात, सोनोग्राफीचे किरण सोडतात, त्यानेच पिल्लं पोटात मरतात. विष्ठेवरून कळतं, मग मशीन कशाला? चार दिसली, दोनच दाखवली, दोन विकली! नागपूरकरांनो, जागे व्हा.’ आता भाची विचारते, पुढची तपासणी टाळू का?

टाळू नको. किरण एक्स-रेत असतात. सोनोग्राफीत ध्वनिलहरी असतात. एवढं मान्य की डॉपलर (रक्तप्रवाह आणि ठोके टिपणारी सोनोग्राफीची पद्धत) एकाच जागी फार वेळ धरला तर पेशी थोड्या तापतात. म्हणून कोवळ्या गर्भाचे ठोके एम-मोडवर, म्हणजे हालचाल रेघेत दाखवणाऱ्या सौम्य पद्धतीने, बघतात.

डार्टचा, म्हणजे दुरून मारायच्या भुलीच्या सुईचा, दावा तर कहरच आहे. गाभण वाघिणीला बेशुद्ध करणं डॉक्टर होता होईल तो टाळतातच. औषधाने श्वास मंदावतो, गर्भाला ऑक्सिजन कमी पडतो, आणि नागपुरी मे महिन्यात बेशुद्ध जनावराचं अंग भराभर तापतं. म्हणून नागपूरचं गोरेवाडा प्राणीसंग्रहालय असो की महाराजबाग, शहाणा मार्ग वाघिणीला हळूहळू सवय लावण्याचाच. वाघीण जाळीला कूस टेकून पडली की शिट्टी आणि लांब चिमट्याने मांसाचा तुकडा. मग एक जण तोंडाशी खाऊ घालतो, दुसरा जाळीतून काठीने पोटाला स्पर्श करतो. नंतर ओला बोळा, मग थंड जेल, सगळ्यात शेवटी प्रोब, म्हणजे मशीनचा पोटावर फिरवायचा भाग. यात महिने जातात, म्हणून सुरुवात नर-मादी एकत्र सोडण्याआधीच करायची. केसांत हवा अडकली की पडद्यावर नुसता काळोख, म्हणून केस बाजूला सारून स्पिरिट आणि भरपूर जेल लावतात. पोट भरलेलं असलं तरी तोच घोळ, म्हणून दिवसाचं मुख्य खाणं देण्याआधी, सकाळी. वाघीण उठून गेली तर जाऊ द्यायचं, उद्या बघू. चितळासारख्या बुजऱ्या जनावराला धरपकडीचा धक्काच जिवावर बेततो, तिथे बहुतेकदा मशीन लावतच नाहीत.

विष्ठेचा मुद्दा अर्धा खरा, नाइलाजाने मान्य. पण विष्ठेत मोजतात ते प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक खोट्या गाभणपणातही वाढतं. बर्लिनच्या लाइबनिट्झ वन्यजीव संशोधन संस्थेने मार्जारकुळात विष्ठेतला पीजीएफएम हा घटक शोधला, तो खरी गर्भधारणा वेगळी दाखवतो, पण शेवटच्या तिसऱ्या टप्प्यात. वाघिणीचे दिवस साधारण 103; ते उलटूनही पिल्लं झाली नाहीत, तर पोटातलं काळीज धडधडतंय का, हे विष्ठा सांगत नाही.

आणि ‘दोन विकली’? गर्भाशयाची शिंगं (दोन लांब फाटे) वेटोळी असतात, एकच पिल्लू दोनदा मोजलं जातं. काही गर्भ सुरुवातीलाच विरघळतात. आकड्याची खात्री हवी तर शेवटच्या दिवसांत, हाडं तयार झाल्यावर, एक्स-रे काढतात. खरे किरण तिथे असतात, आणि मेसेजात त्याचं नावही नाही.