विंटेज नोंदणी करा आणि टॅक्स विसरा? आधी नियम तरी वाचा

परवा रात्री साडेदहाला मामांचा फोन आला. "अरे, एजंटला पाच हजार ॲडव्हान्स देऊन टाकू का? या महिन्यात फाइल टाकली तर काम होईल म्हणतोय." कसली फाइल? तर त्यांच्या १९६९ च्या फियाटची विंटेज नोंदणी. ती कशाला? तर रस्ता कर कायमचा माफ होतो म्हणून. आणि हे सांगितलं कुणी? सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपने.

तो मेसेज मलाही चार जणांनी पाठवला होता. त्यात लिहिलंय ते असं: केंद्र सरकारने १५ वर्षांवरच्या गाड्यांना विंटेज दर्जा दिलाय. ती नोंदणी केली की रोड टॅक्स, ग्रीन टॅक्स, टोल सगळं माफ. गाडी मात्र पूर्वीसारखीच वापरा. इंग्लंड-जर्मनीत क्लासिक गाड्यांना कर नाही, आपल्यालाच लुटतात. या गाड्या महिन्यातून एकदा बाहेर पडतात, त्यांचं प्रदूषण शून्य. म्हणून जुन्या गाडीच्या प्रत्येक मालकाने करमाफीच्या मागणीवर सही करावी.

मी सही केलेली नाही. माझ्याकडे वडिलांची १९७८ ची प्रीमियर पद्मिनी आहे, ती आजही चालते आणि तिच्यावर माझा जीव आहे. म्हणूनच हा मेसेज वाचून डोकं फिरलं.

आधी पंधरा वर्षांचं बघू. ज्या नियमाच्या नावाने हे सगळं चाललंय तो १५ जुलै २०२१ च्या अधिसूचनेने आला. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये ८१-ए ते ८१-जी ही कलमं त्यातून घातली गेली. त्यात विंटेजची व्याख्या स्वच्छ आहे: दुचाकी किंवा चारचाकी, पहिल्या नोंदणीला ५० वर्षांहून जास्त झालेली, मूळ रूपात जपलेली, आणि चेसिस (गाडीचा सांगाडा), बॉडी किंवा इंजिनात फेरफार न झालेली. पंधरा नाही, पन्नास. पद्मिनी हे नाव १९७४ मध्ये आलं, म्हणजे सगळ्यात जुनी पद्मिनीसुद्धा २०२४ मध्ये पन्नाशीची झाली. माझी २०२८ मध्ये होईल. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईने ज्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीला निरोप दिला, ती २००३ मध्ये नोंदलेली होती. डोळ्यांत पाणी आलं होतं तेव्हा, पण कायद्याच्या हिशोबाने ती फक्त वीस वर्षांची गाडी होती.

दुसरं, केंद्राने कर माफ केला हे. वाहनांवरचा कर हा राज्याचा विषय आहे, राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्य सूचीतली ५७ वी नोंद. महाराष्ट्रात तो १९५८ च्या मोटार वाहन कर कायद्याखाली घेतला जातो. २०२१ च्या अधिसूचनेत अर्ज कसा करायचा, शुल्क किती, नंबर कसा, गाडी कशासाठी वापरायची हे सगळं आहे. करमाफीचा एक शब्द नाही. टोलचं म्हणाल तर १४ ऑक्टोबर २०२४ पासून मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर सगळ्याच हलक्या गाड्यांना तो माफ आहे. कालच्या नव्या गाडीलाही.

आता ज्या ओळीने मामांचं खरोखर नुकसान झालं असतं तिच्याकडे येतो: "गाडी पूर्वीसारखीच वापरा."

नाही वापरता येत! नियमात सरळ लिहिलंय की विंटेज म्हणून नोंदलेली गाडी रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी रस्त्यावर आणायची नाही. प्रदर्शन, विंटेज रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती-देखभाल आणि त्यासाठीचं जाणं-येणं, एवढ्यालाच परवानगी. रॅलीत नटूनथटून निघणाऱ्या गाड्यांना हे चालतं, कारण त्या एरवी झाकूनच ठेवलेल्या असतात. मामांची फियाट तशी नाही. शनिवारी पहाटे ते पार्ल्याहून दादरच्या फुलबाजारात जातात ते त्याच गाडीने. मामीचे गुडघे दुखतात, तिला डॉक्टरकडे नेतात ते त्याच गाडीने, कारण तिची सीट सोफ्यासारखी आहे आणि दार रुंद उघडतं. कर वाचवायला म्हणून विंटेजचं प्रमाणपत्र घेतलं असतं, तर पुढच्याच शनिवारी झेंडूच्या टोपल्यांसकट नियम मोडला असता. अपघात झाला असता तर विमा कंपनीने पहिला प्रश्न हाच विचारला असता, की गाडी कुठल्या रॅलीला निघाली होती?

माझ्या ओळखीत दोघे-तिघे अशा गाड्या लग्नाला, शूटिंगला भाड्याने देतात. पांढऱ्या, म्हणजे खासगी गाडीच्या पाटीवर तो व्यवहार तसाही बसत नाही. विंटेज नोंदणी केली तर धंद्याचा वापर त्या नियमातच बंद.

काल सकाळी मी पार्ल्याला गेलो आणि मामांना म्हटलं, बॉनेट उघडा. टॉर्च धरला, फडक्याने ब्लॉकवरचं तेल पुसलं आणि इंजिन नंबर आरसी बुकाशी ताडून पाहिला. आरसीवर मूळ नंबरावर काट मारून खाली दुसरा लिहिलेला, शिक्का १९९४ चा. मामांना आठवलं: "हो रे, ब्लॉकला तडा गेला होता. कुर्ल्याहून पद्मिनीचं इंजिन आणून बसवलं." तेच १०८९ सीसी, त्याच घराण्यातलं, पण गाडीसोबत आलेलं नाही. आता व्याख्येतल्या इंजिनाच्या अटीत ही गाडी बसते की नाही हे तपासणारा अधिकारी ठरवणार. एजंटने बॉनेट उघडूनही पाहिलं नव्हतं. पाच हजार मात्र मागितले होते.

आणि हे सगळं किती पैसे वाचवायला? मामांनी रस्ता कर एकरकमी भरून कधीच संपवलाय, पावती फाइलमध्ये आहे. उरतो तो पर्यावरण कर, ज्याला सगळे ग्रीन टॅक्स म्हणतात. पंधरा वर्षांवरच्या खासगी पेट्रोल गाडीला तो पाच वर्षांसाठी ३,००० रुपये आहे. वर्षाला ६००, महिन्याला ५०. विलेपार्ले स्टेशनबाहेर दोघांनी वडापाव आणि चहा घेतला की संपले. विंटेजच्या नव्या नोंदणीचं शुल्क आहे २०,००० रुपये, दहा वर्षांसाठी. पुढच्या नोंदणीला ५,०००. म्हणजे ग्रीन टॅक्स खरंच माफ झाला असं धरलं तरी दहा वर्षांत सहा हजार वाचवायला वीस हजार भरायचे, वर एजंटची दक्षिणा, आणि गाडी फुलबाजारात न्यायची नाही. हा हिशोब मेसेज पुढे ढकलणाऱ्या एकानेही केलेला नाही याचा मला राग आहे.

विंटेज नोंदणीचे खरे फायदे आहेत, ते मेसेजमध्ये नाहीतच. आधी नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. २०२२ पासून विंटेज नोंदणीच्या खासगी गाडीला थर्ड पार्टी विम्याच्या हप्त्यात ५० टक्के सवलत आहे. ज्याची गाडी फक्त रॅलीला निघते त्याने ती नोंदणी जरूर करावी.

परदेशाचं निम्मं खरं आहे, ते मान्य करतो. ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांवरच्या गाडीला वाहन कर शून्य आहे. पण तो कर दरवर्षी भरायचा असतो, म्हणून त्याच्या माफीला अर्थ आहे. आपण एकदाच भरून मोकळे होतो, मग माफी कशाची मागायची? जर्मनीत तर माफीच नाही. तीस वर्षांवरच्या, मूळ रूपातल्या गाडीला नंबराच्या शेवटी 'एच' मिळतो आणि वर्षाला ठरावीक १९१ युरो भरावे लागतात. ते आपल्या पाच वर्षांच्या ग्रीन टॅक्सच्या कित्येक पट झाले.

प्रदूषणाचंही तसंच. जुन्या गाड्या कमी फिरतात, त्यामुळे शहराच्या एकूण धुरात त्यांचा वाटा लहान असणार हे खरं. पण शून्य? पीयूसीच्या मर्यादाच बघा. जुन्या पेट्रोल चारचाकीला कार्बन मोनॉक्साइड ३ टक्क्यांपर्यंत चालतो, बीएस-४ या अलीकडच्या निकषाच्या गाडीला ०.३ टक्के. दहापट सूट आपल्याला आधीच दिलेली आहे. चोक ओढून थंडीत माझी पद्मिनी सुरू केली की पहिली दोन मिनिटं वरच्या मजल्यावरच्या आजी खिडकी लावून घेतात. त्या आजींसमोर उभं राहून "आमचं प्रदूषण शून्य" असं मी म्हणू शकत नाही.

म्हणून ती सही मला नुसती निरुपयोगी नाही, धोक्याची वाटते. मुंबईच्या हवेवर उच्च न्यायालयाने सुनावल्यावर जानेवारी २०२५ मध्ये राज्य सरकारने एक समिती नेमली. महानगर प्रदेशात पेट्रोल-डिझेलच्या गाड्या टप्प्याटप्प्याने बंद करता येतील का, हे तिने बघायचं. अशा वेळी जुन्या गाड्यांचे मालक एकत्र येऊन काय मागतात? तर महिन्याला पन्नास रुपयांची माफी! लोकलला लोंबकळत जाणाऱ्या माणसाला हे कसं दिसेल? त्याची सहानुभूती एकदा गेली की उद्या गाडी वाचवायची वेळ येईल तेव्हा आपल्या बाजूने कोण बोलणार?

मागायचंच असेल तर जिथे खरोखर दुखतंय तिथे मागा. वीस वर्षांवरच्या कारच्या नोंदणी नूतनीकरणाचं शुल्क ऑगस्ट २०२५ मध्ये पाच हजारांवरून दहा हजार झालं. ते ग्रीन टॅक्सच्या तिपटीहून जास्त आहे आणि त्याच्याविरुद्ध या मेसेजमध्ये अवाक्षर नाही. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या, म्हणजे फिवाच्या व्याख्येत तीस वर्षांची, मूळ रूपात जपलेली गाडी ऐतिहासिक ठरते. आपल्या नियमात तीस ते पन्नासच्या मधल्या गाडीला काही ओळखच नाही, भंगारात जायला निघालेली गाडी आणि जिवापाड जपलेली गाडी एकाच रांगेत. तिथे एक 'क्लासिक' वर्ग मागा. तपासणी कडक ठेवा, वापराला वर्षाची किलोमीटरची मर्यादा घाला, मी आनंदाने पाळीन. तिसरं म्हणजे पेट्रोल. पंपावरच्या पेट्रोलमधलं वीस टक्के इथेनॉल जुन्या गाड्यांच्या रबराला सोसत नाही आणि पाणी ओढून घेतं. शहरात दोन-चार पंपांवर तरी इथेनॉल नसलेलं पेट्रोल खात्रीने मिळेल अशी सोय मागा, महाग असलं तरी चालेल.

हे मी हवेत बोलत नाही. काल बॉनेट उघडलंच होतं म्हणून मामांच्या फियाटचा पेट्रोल पंपही खोलला. आतला रबरी पडदा फुगून कडेने चिरला होता, बोटाने दाबला तर काळा चिकटा हाताला आला. मामा म्हणाले, "मागच्या वर्षीच बदललाय रे हा." एजंटला त्यांनी माझ्यासमोरच फोन करून नाही सांगितलं. रविवारी आम्ही दोघं कुर्ल्याला सीएसटी रोडवर नवा पडदा शोधायला जातोय, मिळाले तर दोन घेऊ, एक माझ्या पद्मिनीला.